निळ्या मण्यांची बरणी

आई,

तुझी बरणी परवा मी उघडली. तुला न विचारता उघडली हे आधीच सांगून टाकते, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असणार. कर्वेनगरची आपली इमारत आता पाडणार आहेत, पुनर्विकास आहे, सगळ्यांनी बिऱ्हाडं हलवली आणि बाबा गेल्या महिन्यात आमच्याकडे, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहायला आले. तुझं कपाट, तुझं टेबल, पितळी डबे, सगळं टेम्पोत घालून आलं. ही बरणी मात्र बाबांनी टेम्पोवाल्याच्या हातात दिली नाही. गाडीत माझ्या शेजारी बसले आणि कर्वेनगरपासून इथपर्यंत ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. मी म्हटलं, "बाबा, मागे ठेवा ना, काही होत नाही तिला." तर म्हणाले, "तू रस्त्याकडे बघ."

उघडायचं कारण अगदीच किरकोळ. माझ्या चपलेचा अंगठा निघाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून सुपरग्लूची ट्यूब आणली होती. एक थेंब वापरला आणि ट्यूब फ्रिजवर ठेवून दिली. आठ-दहा दिवसांनी चष्म्याची काडी तुटली, तर ट्यूबमध्ये नुसता खडा. एक थेंब वापरायचा आणि उरलेल्याचा दगड करायचा, ही घरोघरची रीत आहे, पण मी तुझी मुलगी. खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांसाठी सूचना लिहिते, हे आधी दाबा, ते दाबू नका, वापर झाल्यावर बंद करा. लोक त्या वाचत नाहीत. मीही वाचत नाही. तो खडा हातात घेऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते आणि कपाटातल्या तुझ्या बरणीकडे बघत होते.

डोळे मिटले की कर्वेनगरची दुपार होते. स्वयंपाकघराला लागून गॅलरी, गॅलरीत तुझं टेबल, टेबलावर पांढरा दिवा, आणि जाळीतून आलेलं ऊन तुझ्या पदरावर. तू एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बसली आहेस आणि तुझ्या तळहातावर कुणाचा तरी कान आहे. कान म्हणजे कानाच्या आतल्या वळणांचा कडक प्लास्टिकचा साचा, पण मला तेव्हा वाटायचं की लोक सकाळी आपले कान तुझ्याकडे ठेवून जातात आणि संध्याकाळी न्यायला येतात. पेठेतल्या एका दवाखान्यातून कानाच्या मशिनांचे हे साचे तुझ्याकडे दुरुस्तीला यायचे. साच्यापासून मशिनापर्यंत एक बारीक पारदर्शक नळी जाते. ती सहा-आठ महिन्यांत पिवळी पडते, ताठरते, चिरते. तू जुनी ओढून काढायचीस, नवी ओवायचीस, गोंदाचा एक थेंब सोडायचीस आणि ब्लेडनं टोक तिरकं कापायचीस. त्या ब्लेडनं तुझी तर्जनी एकदा आडवी कापली होती, मी जन्मायच्या आधी. बोटाच्या पेरावरची ती पांढरी रेघ शेवटपर्यंत राहिली. लहानपणी दुपारी तुझ्याजवळ आडवी झाले की मी त्या रेघेवरून बोट फिरवत झोपी जायचे.

त्या एका थेंबाचं केवढं प्रस्थ होतं आपल्या घरात. थेंब पडला की तू ट्यूब उभी धरून टेबलावर दोनदा हलकेच आपटायचीस, म्हणजे टोकात राहिलेला गोंद खाली पोटात उतरतो. मग टोक कोरड्या प्लास्टिकच्या तुकड्यावर निपटून घ्यायचं. कापूस नको, ओलं फडकं तर नकोच. टोकात टाचणी खुपसून ठेवणाऱ्या माणसांबद्दल तुझं मत मी इथे लिहीत नाही. झाकण घट्ट, ट्यूब उभी, उभ्या ट्यूबा काचेच्या बरणीत, बरणीत तळाला ओलावा शोषणारे निळे मणी, बरणीचं झाकण पुन्हा घट्ट, आणि बरणी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, गॅसपासून आणि मोरीपासून लांब. "हा गोंद हवेनं वाळत नाही गं," तू म्हणायचीस, "पाण्यानं धरतो. हवेतलं एवढंसं पाणी त्याला पुरतं." शेजारच्या काकू एकदा हसून म्हणाल्या होत्या, "अहो, एवढ्याशा ट्यूबसाठी एवढा थाट?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुम्ही नका करू. तुम्ही दर वेळी नवी आणा, दुकानदारालाही घर आहे." काकू त्यानंतर आठवडाभर आपल्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

न उघडलेल्या ट्यूबा फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खणात असायच्या. आपल्याकडे अंडी येत नसत, त्यामुळे तो खण तुझा. फ्रिजमधून काढलेली ट्यूब लगेच उघडायची नाही, गार वस्तूला बाहेर घाम फुटतो आणि तो घाम गोंदाला लागतो, म्हणून अर्धा तास नुसती टेबलावर ठेवायची. बाबा हातात तुटका चष्मा घेऊन तो अर्धा तास खुर्चीत बसून राहायचे, सरकारी ऑफिसात नंबर लावून बसल्यासारखे. मधेच विचारायचे, "झाला का?" आणि तू घड्याळाकडे बघून म्हणायचीस, "सात मिनिटं." ती सात मिनिटं खरोखरच सात असायची.

आणि मणी. मला सगळ्यात जास्त आठवतात ते मणी. दवाखान्यातून तुला ते मिळायचे, कारण कानाचं मशिनही रात्री त्यांच्यातच ठेवतात. ओलावा पिऊन पिऊन ते फिकट होत, मग जांभळट, मग गुलाबी. गुलाबी झाले की तू जुना तवा काढायचीस, जो पोळ्यांना कधीच वापरायचा नाही, आणि अगदी मंद गॅसवर मणी पसरायचीस. मी स्टुलावर उभी आहे. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. आधी काहीच होत नाही. मग कडेचा एक मणी निळा होतो, त्याच्या शेजारचा, मग अख्ख्या तव्यावर निळं पसरत जातं, आणि बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत जातं. मी विचारते, "हा निळा कुठून येतो गं?" तू म्हणतेस, "येत नाही. आतच असतो. पाणी गेलं की दिसतो." अजूनही कधी कधी ऑफिसात मीटिंग लांबली की मला तो तवा दिसायला लागतो, आणि कुणीतरी माझं नाव घेईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसते.

दहावीत मी शाळेसाठी पुठ्ठ्याचा पूल केला होता. तुझी ट्यूब घेतली आणि उघडी टाकून खेळायला गेले. परत आले तर तू दारातच होतीस, ट्यूब हातात. तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. म्हणालीस, "झाकण लावायला काय लागतं? दोन बोटं आणि आठवण. बोटं आहेत तुझ्याकडे." बस, एवढंच. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि तू जेव म्हणालीही नाहीस. पुढे मला नोकरी लागली तेव्हा मैत्रिणींना घरून घड्याळं मिळाली, ड्रेस मिळाले. तू मला एक लहान बरणी दिलीस, तळाला निळे मणी आणि त्यात एक ट्यूब. मी थँक्यू म्हटलं आणि ती कुठेतरी ठेवून दिली. दोन घरं बदलली, त्यात ती कुठे गेली मला माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पंधरा वर्षं झाली. माझी लेक दोन वर्षांची होती. आमच्या इथलं पाळणाघर अचानक बंद पडलं आणि मी आठ दिवसांची रजा टाकून तिला घेऊन कर्वेनगरला आले. त्याआधी वर्षभर मी तुझ्या मागे लागले होते, की मांजरीला ये, आमच्याकडे राहा, हिला सांभाळ. तू दर वेळी म्हणायचीस, "माझं काम आहे." मी म्हणायचे, "इतकी वर्षं केलंस की." तू म्हणायचीस, "म्हणूनच." पावसाळी दमट दिवस होते, भिंतीही ओल्या लागत होत्या, आणि नातीच्या नादात तुझे मणी भाजायचे राहून गेले होते. बरणीच्या तळाला सगळं गुलाबी. रविवारी दुपारी तू तिला घेऊन पडली होतीस. तिच्या बाहुलीचा हात निघाला म्हणून मी तुझी ट्यूब काढली, थेंब लावला, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. झाकण नुसतं टेकवलं. ट्यूब बरणीत टाकली, बरणीचं झाकणही टेकवलं, आणि बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेले. फोन पाऊण तास चालला. नंतर मला काही आठवलं नाही.

गुरुवारी त्या बाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, तुझ्या जुन्या गिऱ्हाईक. कानाच्या मशिनाची नळी निघाली होती आणि संध्याकाळी नातीच्या शाळेत कार्यक्रम होता, नात पहिल्यांदा स्टेजवर भाषण करणार होती. तू ट्यूब काढलीस तर झाकण आपसूक हातात आलं. तू थांबलीस, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. गोंद अजून दगड झाला नव्हता, नुसता दाट झाला होता. फ्रिजमध्ये नवी ट्यूब होती, पण बाई घाईत, रिक्षा खाली उभी, अर्धा तास कुठून आणायचा? तू दाट गोंदानंच नळी बसवलीस, ओढून पाहिलीस, धरल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परत आल्या. "अहो, मी तक्रार करायला आलेली नाही," त्या म्हणाल्या. "भाषणाच्या दुसऱ्याच मिनिटाला नळी निघून हातात आली. पुढे मी नुसते तिचे ओठ बघत बसले. छान बोलली म्हणतात." तू नव्या ट्यूबनं, अर्धा तास थांबून, नळी पक्की करून दिलीस. त्या गेल्या आणि तू टेबलाशी तशीच बसून राहिलीस.

मग मला विचारलंस, "बरणीला तू हात लावला होतास का गं?"

मी पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. मी म्हणाले, "नाही."

तू लगेच मान डोलावलीस. मी तुझ्याशी खोटं बोलेन हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. "मग माझंच राहिलं," म्हणालीस. "झाकण लावल्याचं मला आठवत नाही. काढल्याचंही आठवत नाही." मग ती दाटलेली ट्यूब तशीच बरणीत उभी केलीस, आत हात घालून नीट तळाशी बसवलीस, सवयीनं, तिचं सुटं झाकणही आत टाकलंस आणि बरणीचं झाकण आवळलंस. त्याच दुपारी दवाखान्यात फोन केलास. "माझं लक्ष राहत नाही आता. लोकांच्या कानाचा प्रश्न आहे. दुसरं कुणी बघा." एवढं बोलून तू दिवा पुसलास, ब्लेड कागदात गुंडाळलं, टेबलावर चादर घातलीस. दोन आठवड्यांनी मांजरीला आलीस. बाबा कर्वेनगरलाच राहिले, बरणीही तिथेच. तेहतीस वर्षांची बाई मी, आई रागावेल म्हणून घाबरले आणि तोंडातून ब्र काढला नाही.

त्यानंतर चार वर्षं होतीस. चांगली होती गं ती वर्षं, ते खोटं नाही. कंपाउंडच्या पलीकडे तेव्हा ऊसच होता. संध्याकाळी तू लेकीला घेऊन गॅलरीत बसायचीस आणि दोघी डोळे मिटायच्यात. "आता काय ऐकू येतं?" तू विचारायचीस, आणि ती सांगायची, लिफ्ट, कुकर, भारद्वाज, वारा. "वारा कुठला? उसातला का झाडातला?" तिला ते कळायचं. मी ऑफिसातून दमून यायचे आणि दारातच थांबून तुम्हा दोघींचं ऐकायचे. पण त्याच घरात गॅसजवळ तुझ्या चिठ्ठ्या असायच्या. गॅस बंद केला, बरोबरची खूण. गोळी घेतली, बरोबरची खूण. कुलूप लावून जिन्यावरून परत वर यायचीस, ओढून बघायचीस. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे." घरी येताना तू म्हणालीस, "ते असं सांगायलाच बसलेत." तुला काहीही झालेलं नव्हतं. हृदय थांबलं त्या सकाळपर्यंत तुला दुधवाल्याच्या मुलाचा वाढदिवस पाठ होता. फक्त तुझा स्वतःवरचा विश्वास गेला होता, आणि तो कुठे गेला ते मला माहीत होतं.

तर परवा मी बरणी उघडली. मणी गुलाबी, ट्यूब दगड, सुटं झाकण शेजारी आडवं. आत काचेवर पांढरे डाग होते, मला वाटलं बुरशी. धुवायला नळाखाली धरणार तेवढ्यात लेक ओरडली. ती आता सतरा वर्षांची आहे, तिला सगळं माहीत असतं. "थांब थांब, बुरशी नाहीये ती. फिंगरप्रिंट्स आहेत. सुपरग्लूची वाफ बोटांच्या ठशांवर जाऊन बसते, पोलीस असेच ठसे काढतात. ट्यूबचं झाकण निघालेलं होतं ना आत." तिनं बरणी खिडकीच्या उजेडात धरली. आणि आई, रेघा दिसल्या. बारीक, गोल गोल, पांढऱ्या. एक तर्जनी होती आणि तिच्या मधून एक आडवी कोरी रेघ गेली होती. लेकीला सांगितलं, ही आजीची. तिनं बाहेरून काचेवर आपलं बोट त्यावर टेकवलं. झाकण घट्ट असतं तर वाफ बाहेर आली नसती, आणि तुझं बोट आज नसतं.

काठाजवळ आणखी एक ठसा आहे, अंगठ्याचा. लेक खोलीत गेल्यावर मी माझा अंगठा शेजारी धरून पाहिला. ते बघायची गरज नव्हती.

बाबा तेव्हा दारात आले होते. बरणी पाहिली, नातीला हाक मारून जवळ घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आजीचं विसरणं तिथूनच सुरू झालं बघ. बिचारी. कधी झाकण न विसरणारी बाई." मी तोंड उघडलं होतं. मग मी विचारलं, बाबा, चहा ठेवू का?

वर मी लिहिलंय की घाबरले म्हणून गप्प बसले. ते खरं नाही, आणि तुला खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला. घाबरले पहिला क्षणभर. मग तू म्हणालीस, "माझंच राहिलं," आणि मला तुझं टेबल रिकामं दिसलं, तू मांजरीच्या गॅलरीत दिसलीस, माझी रजा संपताना घरी कुणीतरी असलेलं दिसलं. माझा जीव भांड्यात पडला, आई. मला तू हवी होतीस आणि तू काम सोडत नव्हतीस. मी तुझी आठवण घेतली आणि तिच्या बदल्यात माझ्या लेकीला आजी दिली. तू विचारलंस त्या दिवशी, आणि नंतर चार वर्षं रोज, त्या चिठ्ठ्यांवर खुणा करताना तू दिसायचीस, तेव्हाही मी हाच सौदा करत होते.

जुना तवा बाबांनी आणलाय. काल मी मणी भाजले, अगदी मंद गॅसवर. अजून होतात निळे. बरणीत आतून कापड लावलं नाही, पाणी तर नाहीच. मणी परत तळाला घातले, नवी ट्यूब टोक निपटून, झाकण घट्ट लावून उभी केली, काचेला हात न लावता. हे पत्रही त्यातच ठेवायचं मनात होतं. मग आठवलं, कागद ओलावा धरतो, तू ते चालवून घेतलं नसतंस. म्हणून हे माझ्या टेबलाच्या खणात जाईल, चष्म्याच्या डबीखाली.

बाहेर बाबा उठलेत, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आता चहाला हाक मारतील. त्यांना आज सांगायचं असं मी ठरवलंय. कालही ठरवलं होतं.